मसाफीचा उतार

ऊद मेथा, दुबई
१५ नोव्हेंबर २००८

प्रिय तहसीन,

तू गेलीस त्याला महिना होत आला, तरी सकाळी दूध घ्यायला दार उघडलं की माझं लक्ष तुझ्या दाराकडे जातं. तिथे अजून कोणी राहायला आलेलं नाही. आपल्या बिल्डिंगमध्ये हल्ली अशी बरीच दारं बंद आहेत. सिद्धांत विचारतो, "मम्मा, व्हेअर डिड दे ऑल गो?" मी सांगते, सुटीवर.

फोनवर नीट बोलता येत नाही म्हणून लिहायला बसले. तुझ्याकडे फोन पुढच्या खोलीत, सगळे ऐकायला. माझ्याकडे सदानंद. उत्तर माझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठव. आमची पोस्टाची पेटी त्याच्या ऑफिसची आहे, तिथे नको.

त्याच्या कंपनीत आता दर गुरुवारी एचआर कोणाला तरी वर बोलावतं. माणूस वर जातो आणि खाली येऊन खोक्यात सामान भरायला लागतो. परवा शेजारच्या टेबलावरचा शार्दूल गेला. सदानंद घरी आला, हात धुतले, जेवला नाही. टीव्हीसमोर बसून राहिला. टीव्ही बंदच होता.

आणि अशा वेळी हा माणूस मोठी एसयूव्ही घ्यायची म्हणतोय! "फॅमिली ट्रॅव्हल," म्हणतो. थंडी आली, मुलांना डोंगर दाखवू, फुजैराला नेऊ, सगळे ऐसपैस बसू. साठ हजार दिरहम, म्हणजे आठ लाख रुपये. मी म्हटलं, "अरे, लोक गाड्या विकतायत." तर म्हणाला, "म्हणूनच तर. जो विकतो तो जाणार, असं ऑफिस धरून चालतं. आपण घेतली की त्यांना कळेल, हा राहणारा माणूस आहे."

ही काय अक्कल आहे, सांग. पण त्याचा आवाज असा होता की मी उठून चहा टाकला.

आणखी एक. गाड्यांची माहितीपत्रकं पसरून बसतो तेव्हा सीट किती, मागे एसी आहे का, हे तो वाचतच नाही. गाडी मागे किती वजन ओढते तेवढंच बघतो. "आपल्याला काय ओढायचंय?" मी विचारलं. म्हणाला, "बोट." कोणाची, ते सांगत नाही. तहसीन, त्याला पोहतासुद्धा येत नाही.

तुझे युसुफभाई गाड्यांच्याच धंद्यातले. कुठली गाडी घ्यावी ते त्यांना विचारून कळव. निदान चुकीची तरी घेतली जाऊ नये.

तुझी,
छाया

•

दाभोळ, जि. रत्नागिरी
२४ नोव्हेंबर २००८

प्रिय छाया,

सलाम. तुझं पत्र आलं तेव्हा सासूबाई दारातच होत्या. दुबईचं पाकीट म्हणजे लेकाचं, असं त्यांना वाटलं. तुझं आहे म्हटल्यावर आत गेल्या.

इथे मी सगळ्यांना सांगितलंय, की तहा आणि सायराला थोडे दिवस आजीचा सहवास मिळावा म्हणून आलोय. शोरूममध्ये गाड्या खपत नाहीत, पगार अर्धा झाला, घर सोडावं लागलं आणि युसुफ अल क्वोजमध्ये चारचौघांबरोबर एका खोलीत राहतात, हे फक्त तुला ठाऊक. ते तुझ्यापाशीच राहू दे.

गाडीचं मी फोनवर विचारलं. गाडीचा विषय निघाला की त्यांचा आवाज पहिल्यासारखा होतो. म्हणाले, "सदानंदभाईंना सांग, बोट ओढायची तर खरोखरची मोठी गाडी घ्या. व्ही-एट इंजिन, खाली ट्रकसारखी जाड चासी. मधल्या साइजच्या गाड्या नुसत्या दिसायला मोठ्या. सपाटीला ओढतात. पण उतारावर बोटच गाडीला ढकलायला लागते, ब्रेक तापतात, मग खलास. माझ्या बायकापोरांना मी तसल्या गाडीत बसवणार नाही."

तेव्हा सदानंदभाऊंना थेट त्यांच्याकडेच घेऊन जा. तूही जा. आणि माझं एक काम कर, त्यांचा चेहरा नीट बघ आणि मला लिही. फोनवर "सगळं ठीक, इन्शाल्ला" एवढंच ऐकू येतं, आणि त्याच्या आधी ते थोडं थांबतात. ते थांबणं मला आवडत नाही. इथे रोज संध्याकाळी फोन वाजला की मी हातातलं टाकून धावते, आणि नाही वाजला तरी त्याच्याजवळच घुटमळते.

आभा आणि सिद्धांतला खूप दुआ.

तुझी,
तहसीन

•

ऊद मेथा, दुबई
२० डिसेंबर २००८

प्रिय तहसीन,

आधी तुझं काम. युसुफभाईंना भेटले. तब्येत चांगली आहे. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री. काळजी करू नकोस.

गाडी घेतली. तू लिहिलीस तशी मोठी काळी गाडी त्यांच्या शोरूममध्ये होती, पण ती मालकाने दुसऱ्या कोणाला शब्द दिलेली निघाली. मग त्यांनी एक रुपेरी दाखवली. तीही सात सीटर. सिद्धांत मागच्या सीटवर आडवाच झाला. आभाने सगळ्या खिडक्या वरखाली करून बघितल्या. सदानंदने विचारलं, "बोट ओढेल ना?" युसुफभाई बॉनेट पुसत होते. पुसतच म्हणाले, "ओढेल की."

"डोंगरात?" मी विचारलं.

तेव्हा त्यांनी वर बघितलं. "वहिनी, सावकाश चालवली म्हणजे झालं."

व्ही-एट नाही ती. पण निवड युसुफभाईंची, म्हणून मी निर्धास्त आहे.

आता बोट कोणाची ते ऐक. सदानंदच्या साहेबांची, मिस्टर ग्रॅहमची. खर्च कमी करायला कंपनीने साहेबांची मोठी गाडी काढून घेतली. बोट मात्र त्यांची स्वतःची, जुमेराच्या बंगल्यात ट्रेलरवर उभी. आता ही समुद्रावर न्यायची कशी, असं साहेब कधीतरी सहज बोलले असतील. ते याने ऐकलं. तहसीन, आम्ही गाडी घेतली ती साहेबांची बोट ओढायला.

आता दर शुक्रवारी हा त्यांच्याकडे जातो, बोट जोडतो, धक्क्यावर नेतो, ते मासे मारून येईपर्यंत उन्हात थांबतो आणि परत आणून सोडतो. गुरुवारच्या यादीवर ग्रॅहमची सही असते. "माझं नाव लिहिताना त्याचा हात थोडा थांबेल ना," असं मला म्हणाला. नवऱ्याच्या तोंडून हे ऐकून मला लाज वाटायला हवी होती. मला भीती वाटली, कारण हे ऐकून मला थोडं बरं वाटलं होतं.

आतापर्यंत सगळं सपाटीवरच झालं. जानेवारीत ग्रॅहमला दिब्ब्याला जायचंय, डोंगरापलीकडे. तिकडे मोठे मासे मिळतात म्हणे. "मुलांनाही आणा," म्हणालाय. सदानंद इतका खूश आहे, की जणू प्रमोशनच मिळालं.

तुझी,
छाया

•

दाभोळ
५ जानेवारी २००९

छाया,

ती रुपेरी गाडी कुठली? नाव लिही. की मी सांगू? ती मधल्या साइजची आहे. ती शोरूममध्ये केव्हापासून उभी आहे, कोणी घेत नाही, मालक तिच्यावरून रोज बोलतो, असं युसुफच मला सांगायचे.

मी त्यांना फोनवर विचारलं. "तुम्हीच म्हणाला होतात ना, तसली गाडी बोट ओढायला नको?" ते म्हणाले, "मालक बोलावतोय," आणि फोन ठेवला. मी पुन्हा लावला तर उचलला नाही. लग्न झाल्यापासून त्यांनी माझा फोन कधी असा ठेवला नव्हता.

मग मी बाजारातल्या बूथवरून तुझ्या घरी लावला. सदानंदभाऊंनी घेतला. "गाडी एकदम मस्त, युसुफभाईंना थँक्स सांगा," म्हणाले. मी काय बोलणार होते? माझ्या नवऱ्याच्या शब्दावर माझाच भरवसा उरला नाही, हे कोणत्या तोंडाने सांगू? तू घरी आहेस का, एवढंच विचारलं. नव्हतीस. बूथवाला माझ्याकडे बघत होता. मी पैसे दिले आणि निघाले.

म्हणून हे लिहिते आणि आत्ताच पोस्टात टाकते. डोंगरात जाऊ नका. काहीही कारण सांग. पोरांना ताप आलाय म्हण, तू आजारी पड. मी चुकत असेन तर नंतर मला हस, पण हे पत्र मिळेपर्यंत जाऊ नका.

तहसीन

•

ऊद मेथा, दुबई
२१ जानेवारी २००९

प्रिय तहसीन,

तुझं पत्र काल शाळेत मिळालं. काळजीचं काही कारण नाही. आम्ही गेल्या शुक्रवारी दिब्ब्याला गेलो होतो. गाडी थोडी तापली, बाकी काही नाही.

आभाचा हात मोडलाय. शाळेच्या जिन्यावरून पडली. प्लास्टर घातलंय.

युसुफभाई भेटले होते. बरे आहेत. मला पेपर तपासायचे आहेत, सवडीने लिहीन.

छाया

•

दाभोळ
२ मार्च २००९

छाया,

युसुफ घरी आलेत. न कळवता. बुधवारी सायरा अंगणातून ओरडत आली, "अब्बा आले!" मी बाहेर धावले तर फाटकाशी एक बॅग घेऊन उभे. आत यायला तयार नाहीत, जणू कोणीतरी बोलवायला हवं होतं.

नोकरी गेली. ते मी समजले होते. पण दुसरं काहीतरी आहे. ते दिवसभर जेटीवर बसून राहतात. फेरी बोट येते, जाते, माणसं चढतात, उतरतात, ते तिकडे बघतसुद्धा नाहीत. तहा जवळ गेला तर त्याला बाजूला करतात. मारत नाहीत, रागावत नाहीत, नुसतं हाताने दूर करतात. सासूबाई म्हणतात, लेकाला नजर लागली. काल मी युसुफसमोर जाऊन बसले आणि म्हटलं, मला सांगितल्याशिवाय मी उठणार नाही. शेवटी म्हणाले, "सदानंदभाईंची पोर. मी तिला मारली."

पुढे एक शब्द नाही. मी हलवलं, ओरडले, रडले. नाही.

छाया, तुझं जानेवारीचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचते आहे. पाच-सहा ओळी. तू मला कधी पाच-सहा ओळी लिहितेस का? त्यात आभाचा हात मोडला असं आहे. शाळेच्या जिन्यावर. ते खरं नाही हे मला आता कळतं. पण किती खरं नाही? तुझ्या घरचा फोन बंद येतो. दुसऱ्या कोणाला विचारायची माझी हिंमत नाही.

आभा आहे ना? आधी तेवढं लिही. बाकी काही नाही लिहिलंस तरी चालेल.

तहसीन

•

ऊद मेथा, दुबई
१४ मार्च २००९

तहसीन,

आभा आहे. आत्ता आतल्या खोलीत भूगोलाचा अभ्यास करते आहे. हे युसुफभाईंना आधी वाचून दाखव, मग पुढचं वाच.

मी तुला खोटं लिहिलं, कारण खरं लिहिलं असतं तर तुझ्या नवऱ्याबद्दल लिहावं लागलं असतं. आता लिहिते.

शुक्रवारी सकाळी निघालो. ग्रॅहम दुसऱ्या कोणाच्या गाडीतून आमच्या पुढे होता. डोंगरातल्या मसाफी गावापर्यंत छान गेलं. मुलं गाणी म्हणत होती. तिथून पुढे दिब्ब्याकडे रस्ता उतरायला लागतो, दोन्ही बाजूंना नुसते खडक. एका वळणावर मागून धक्का बसला, पाठीत हात लावून कोणी ढकलावं तसा. "वारा असेल," सदानंद म्हणाला. पुढच्या वळणावर मला आरशात बोट दिसली. ती डावीकडे जायची, उजवीकडे यायची, आणि तिच्याबरोबर आमच्या गाडीचा मागचा भागही हलायचा. जळका वास सुटला. सदानंदचा पाय ब्रेकवर पार खाली गेला होता आणि गाडीचा वेग वाढत होता.

"बाबा, स्लो डाउन," आभा म्हणाली. मग, "बाबा, प्लीज!"

"होत नाहीये!" तो ओरडला. त्याचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मुलांनीही नव्हता.

पुढे सिमेंटचा ट्रक होता, हळूहळू उतरणारा. त्याची मागची बाजू जवळ येत गेली. मी मागे हात टाकला आणि जे लागलं ते धरलं. सिद्धांतचा पाय होता. सदानंदने गिअर खाली ओढला, इंजिन किंचाळलं, आणि त्याने गाडी रस्त्याबाहेर, खडकाच्या कडेच्या खडीत घातली. आम्ही घासत, आदळत जाऊन थांबलो. बोट मात्र थांबली नाही. ट्रेलरसकट फिरली आणि मागच्या दारावर आदळली. आभा त्या दाराशी बसली होती.

ती रडली नाही. एका हाताने दुसरा हात धरून माझ्याकडे बघत होती. "मम्मा, माय आर्म लुक्स राँग," म्हणाली.

मागे काय झालं ते कळल्यावर ग्रॅहम उलटा फिरून आला. सदानंद गाडीतून उतरला आणि बोटीकडे गेला. आभाकडे नाही, बोटीकडे. फुटलेल्या बाजूवरून हात फिरवत, "सॉरी सर, आय विल रिपेअर इट, सॉरी सर," म्हणत राहिला. शेवटी ग्रॅहमनेच त्याला खांद्याला धरून हलवलं. "मॅन, युअर डॉटर!" तेव्हा तो वळला. तहसीन, मला अजून स्वप्नं पडतात, पण त्यात उतार नसतो, ट्रकही नसतो. सदानंदची पाठ असते.

फुजैराच्या हॉस्पिटलात सदानंदने युसुफभाईंना फोन केला. ते दुबईहून कोणाची तरी गाडी घेऊन आले. कॉरिडॉरमध्ये उभे राहिले, बस म्हटलं तरी बसले नाहीत. "वहिनी, मला माहीत होतं," म्हणाले. त्या महिन्यात एक तरी गाडी गेली नाही तर व्हिसा कॅन्सल, असं मालकाने सांगितलं होतं. "मला वाटलं, दुबईत सगळं सपाटच आहे. डोंगरात नाही जाणार ही माणसं." मी विचारलं, "मी तुम्हाला विचारलं होतं ना, डोंगरात?"

मी हात उचलला होता. मारणारच होते. पण त्यांच्या पट्ट्याला खिळ्याने पाडलेलं भोक दिसलं, इतके ते वाळलेत. ते मी डिसेंबरातच बघितलं होतं आणि तुला "तब्येत चांगली" असं कळवलं होतं. माझा हात तसाच राहिला. त्यांनी हॉस्पिटलात दोन दिवस काढले. सिद्धांतला सांभाळलं. औषधं आणली. आभाच्या खोलीत मात्र एकदाही आले नाहीत. 'मी तिला मारली' असं ते म्हणतात, ते त्यांच्या मनात त्या दिवशीच झालंय, असं मला वाटतं.

मी त्यांना माफ केलंय का, हे तू विचारलं नाहीस, पण विचारशील. नाही केलं. सदानंदलाही नाही. दोघांनाही काय झालं होतं ते मला कळतं, कारण सगळं जाईल ही भीती मलाही होती. तरी नाही.

फेब्रुवारीत एका गुरुवारी ग्रॅहमलाच वर बोलावलं. पुढच्या गुरुवारी सदानंदला. घरी येऊन "झालं," एवढंच म्हणाला आणि झोपला. इतक्या महिन्यांनी नीट झोपला. गाडी भंगारात गेली. फोन काढून टाकलाय. मुलांच्या परीक्षा झाल्या की मेच्या सुरुवातीला आम्ही पुण्याला परत येतोय.

आभाचा हात जुळला. पण ती गाडीत बसत नाही. टॅक्सीत नाही, बसमध्ये नाही. शाळेत चालत जाते, आणि सदानंद तिच्या मागे थोडं अंतर ठेवून चालतो, कारण ती त्याला हात धरू देत नाही. काल समजावायला गेले तर म्हणाली, "मम्मा, ही सेड सॉरी टू द बोट." तिने ते ऐकलं होतं. तिला एअरपोर्टपर्यंत कसं न्यायचं, हे मला अजून सुचलेलं नाही.

छाया

•

दाभोळ
१२ एप्रिल २००९

प्रिय छाया,

तू सांगितलंस तसं पहिलं वाक्य मी त्यांना जेटीवर जाऊन वाचून दाखवलं. पुढचं त्यांनी स्वतः वाचलं. कागद परत दिला आणि पाण्याकडे तोंड करून रडले. येणारे-जाणारे बघत होते. मी शेजारी बसून राहिले. जवळ घेतलं नाही. मला जमलं नाही.

मलाही त्यांचा राग आहे, तुला खरं सांगते. माझ्याकडे एक बोलले आणि तुझ्याकडे दुसरं. तुझ्या पोराबाळांना त्या गाडीत बसवताना त्यांना तहा आणि सायरा आठवली नाहीत का, हे मी रोज विचारते. ते उत्तर देत नाहीत. पण विचारू नको असंही म्हणत नाहीत.

आता ते गावातल्या किसनची प्रवासी जीप चालवतात, दाभोळ ते दापोली. आमच्याकडे वडाप म्हणतात. माणसं मागे लोंबकळतात, टपावर बसतात, ती इथली रीतच आहे. युसुफ सीटपेक्षा एकही माणूस जास्त घेत नाहीत. कोणी जबरदस्ती चढलं तर इंजिन बंद करून खाली उतरतात आणि रस्त्याकडेला उभे राहतात, तो उतरेपर्यंत. लोक शिव्या देतात. किसन म्हणतो, "युसुफभाय, दोघं वर बसली तर काय आभाळ कोसळेल?" ते म्हणतात, "मग तू चालव."

परवा मी बसले त्यांच्या शेजारी. दापोलीहून परत येताना दाभोळचा उतार लागला तशी मी दांडी घट्ट धरली. त्यांनी बघितलं. गाडी इतकी सावकाश उतरवली की मागचे पॅसेंजर हसायला लागले. खाली आल्यावर माझे हात दुखत होते. आम्ही दोघं तसेच बसलो होतो, सगळे उतरून गेले तरी.

छाया, मे महिन्यात पुण्याला जाण्याआधी इकडे या. आभाला विमानतळापर्यंत कसं आणायचं ते मला सांगता येणार नाही, ते तुलाच बघावं लागेल. पण मुंबईहून खेडपर्यंत रेल्वे आहे. पुढे मी येते घ्यायला. युसुफनी यावं की नाही ते तू ठरव. नको म्हणालीस तर ते घरी थांबतील, आणि वाईट वाटून घेणार नाहीत, हे त्यांनी मला लिहायला सांगितलंय.

खेडहून पुढे रस्ता आहे आणि घाट आहे, हे तिला आधीच सांग. लपवू नकोस. आणि ती गाडीत बसायला तयार झाली नाही, तर आपण फलाटावरच बसू. मी भाकऱ्या आणि बोंबलाची चटणी घेऊन येईन, तुमच्यासाठी वेगळी बटाट्याची भाजी. संध्याकाळ झाली तर स्टेशनजवळ माझ्या मामाचं घर आहे, तिथे राहू. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारू. तिसऱ्याही.

ती हो म्हणेल तेव्हा निघू.

तुझी,
तहसीन